बंदुकीची काजळी आणि काडतुसाची चरबी

ज्याचें आयुष्य शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेलें, त्याला १८५७ चा धडा किती वेळां शिकवावा लागला असेल, याचा हिशेब श्रोत्यांनींच करावा. मीं तो तीसांहून अधिक वेळां शिकविला. दर वर्षीं त्यांत एक वाक्य येई: नव्या बंदुकीच्या काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावलेली असते, अशी वार्ता शिपायांत पसरली. दर वर्षीं मुलें तें वाक्य वहींत उतरून घेत, परीक्षेंत लिहीत आणि गुण मिळवीत. एके वर्षीं मागल्या बाकावरच्या एका मुलानें हात वर केला आणि विचारलें, "गुरुजी, पण काडतुसाला चरबी लावायचीच कशाला?"

मला उत्तर ठाऊक नव्हतें. "धड्यांत नाहीं तें विचारूं नये," असें सांगून मीं त्याला खालीं बसविलें. तो निमूटपणें बसला; मात्र त्याचा प्रश्न माझ्या मनांत उभाच राहिला. पुढें शोध करतां करतां लक्षांत आलें कीं, या प्रश्नाचें उत्तर मीं लहानपणीं आजोळच्या ओसरीवर कितीतरी वेळां डोळ्यांनीं पाहिलें होतें. पाहिलेलें आणि शिकविलेलें यांची गांठ तेवढी पडली नव्हती.

आमचें आजोळ कोंकणांत, डोंगराच्या पायथ्याशीं. भाताच्या व नाचणीच्या शेतांत रानडुकरें शिरत. म्हणून आजोबांपाशीं शेतराखणीच्या परवान्याची एक एकनळी ठासणीची बंदूक होती. आजच्या तरुण मंडळींनीं अशी बंदूक बहुधा चित्रांतच पाहिली असेल, म्हणून दोन शब्द सांगतों. या बंदुकीला मागून काडतूस भरतां येत नाहीं. नळीच्या तोंडांतून आधीं काळी दारू ओतावयाची, मग बोळा, मग गोळी किंवा छरे, वर पुन्हां बोळा, आणि हें सर्व लांब गजानें ठासून तळाशीं बसवावयाचें. नळीच्या बुडाशीं एक लहानशी पोकळ खुंटी असते; तिच्यावर तांब्याची टोपी चढवावयाची. चाप ओढला कीं घोडा टोपीवर आपटतो, टोपींतला स्फोटक पदार्थ पेटतो, ठिणगी खुंटींतून आंत जाते आणि बार निघतो.

बाराचा आवाज आम्हां मुलांच्या कानीं पडे तो अंथरुणांत. पाहण्यासारखा सोहळा असे तो त्यानंतरचा. आजोबांचा दंडक होता कीं, बार काढला म्हणजे आधीं बंदुकीचें स्नान आणि मग माणसाचें जेवण. मध्यरात्र असली तरी चुलींत जाळ घालून हंडाभर पाणी तापविलें जाई.

पाण्याला हात लावण्यापूर्वीं आजोबा गज नळींत सोडून पाहत. गजावर चाकूनें दोन खुणा केलेल्या होत्या. नळी रिकामी असेल तर गज कोठपर्यंत जातो त्याची एक, आणि भरलेली असेल तर कोठें अडतो त्याची दुसरी. आवाजहि निराळा येई. रिकाम्या नळींत गज खणकन् वाजे, भरलेल्या नळींत नुसता बद्द आवाज होई. नुकताच बार काढलेल्या बंदुकीची इतकी परीक्षा कशाला, असें मला तेव्हां वाटे. पुढें वाचनांत आलें कीं, अमेरिकेंतील यादवी युद्धांत, १८६३ च्या जुलैंत, गेटिसबर्गची लढाई झाल्यावर रणांगणावरून सुमारें २७,५०० बंदुका गोळा करण्यांत आल्या. त्यांपैकीं सुमारें २४,००० भरलेल्याच होत्या, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले आढळले. लढाईच्या गदारोळांत आपला बार निघाला कीं नाहीं, हेंच कित्येकांस समजलें नव्हतें. तेव्हांपासून आजोबांच्या त्या दोन खुणांविषयीं मला आदर वाटतो.

मग ती पोकळ खुंटी किल्लीनें उलगडून गरम पाण्याच्या वाटींत टाकीत. दस्त्यापासून नळी सोडवून तिचें बूड बादलींत टेकवीत. गजाच्या टोकास जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून तो नळींत वरखालीं करूं लागले कीं, पिचकारीप्रमाणें बुडाच्या छिद्रांतून पाणी आंत ओढलें जाई व बाहेर फेकलें जाई. पहिलें पाणी शाईसारखें काळें निघे आणि त्याला सडक्या अंड्याची दुर्गंधी येई. तें फेकून दुसरें घ्यावयाचें, तें करड्या रंगाचें निघे. तिसरें बहुधा स्वच्छ. शेवटीं उकळतें पाणी नळींतून एकदां सोडून देत. नळी इतकी तापे कीं ती फडक्याशिवाय धरवत नसे. तापलेल्या लोखंडावरचा ओलावा आपोआपच उडून जाई. तरी आजोबा लागलीच कोरडी चिंधी फिरवीत, कारण तापलेलें ओलें लोखंड तसेंच ठेवलें तर पाहतां पाहतां पिवळसर गंज धरतें. त्यानंतर तेलाची चिंधी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां एक पांढरी चिंधी आंतून फिरवून उजेडांत पाहावयाची; तिच्यावर तांबूस डाग दिसला तर सारा विधि पहिल्यापासून.

एका पावसाळ्यांत आजोबा गांवीं नसतां घरांतल्या दुसऱ्या एका वडील माणसानें बार काढला. रात्र झालेली, पाऊस कोसळत असलेला. त्यांनीं खोबरेल तेलाची चिंधी नळींतून दोनदां फिरविली आणि बंदूक खुंटीला टांगून दिली. तेल हातचें राखून वापरलें असें नव्हे, चांगलें सढळ वापरलें होतें. खंडेनवमीस पूजेकरितां बंदूक खालीं काढली तेव्हां आजोबांनीं नळींत उजेड धरून डोळा लावला. आंत देवीचे वण असावेत तसे खड्डे पडले होते, आणि खुंटी इतकी गंजली होती कीं ती किल्लीनें फिरेना. आजोबा एक शब्दहि बोलले नाहींत. त्यांनीं हळद-कुंकू वाहिलें व बंदूक पुन्हां टांगली. त्या दिवशीं घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं, एवढें मला आठवतें.

तेलानें जें झालें नाहीं तें पाण्यानें कां होतें? लोखंडाचा वैरी पाणी, हें तर शेंबडें पोरहि जाणतें. याचें उत्तर दारूच्या घटकांत आहे. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचें मिश्रण. प्रमाण साधारणतः ७५, १५ आणि १०. ती पेटली म्हणजे सगळीच्या सगळी वायु होऊन जाते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तसें होत नाहीं. नोबल आणि एबल या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांनीं १८७५ त प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, वजनाच्या मानानें दारूचा सुमारें ४३ टक्के भाग वायुरूप होतो. उरलेला ५७ टक्के घनरूपानें राहतो. बाराबरोबर जो पांढरा लोट उठतो तो पुष्कळसा याच घन पदार्थाचा असतो, आणि जो उडून जात नाहीं तो नळीच्या आंतल्या अंगास चिकटतो.

आपण त्याला काजळी म्हणतों. पण हें केवळ काजळ नव्हे. त्यांत पोटॅशियमचे क्षार भरलेले असतात. त्यांतला मुख्य क्षार कार्बोनेट, म्हणजे आपल्या वैद्यांचा जवखारच. चुलीच्या राखेंत जो खार असतो तोहि हाच. दुसरा क्षार गंधकाचा. पाणी लागलें कीं सडक्या अंड्याचा वास सुटतो तो त्याच्यामुळें. जवखाराची पुडी पावसाळ्यांत उघडी ठेवून पाहा, ती हवेंतलें पाणी ओढून चिकट होते. नळींतला खार हेंच करतो. तो ओलावा ओढून लोखंडाशीं धरून ठेवतो, आणि त्यावर तुम्हीं तेल चोपडलें तर तें खाराच्या माथ्यावरच बसतें. क्षार तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. ज्या माणसानें रसायनाचें एक पानहि वाचलें नव्हतें त्या आजोबांना हें अनुभवानें ठाऊक होतें. जुन्या टोप्यांच्या मसाल्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळून मिठाच्याच जातीचा आणखी एक क्षार मागें राही. म्हणून ती खुंटी सर्वांत आधीं गंजली.

आतां हीच काजळी एखाद्या शेतकऱ्याच्या नळींत नसून हजारों शिपायांच्या नळ्यांत आहे, आणि धुवावयास रात्र व हंडाभर पाणी नाहीं, अशी कल्पना करा. पुढील सर्व इतिहास या अडचणींतून निघाला आहे.

एकामागून एक बार काढले म्हणजे थरावर थर बसतो आणि नळी आंतून अरुंद होत जाते. तोंडाकडून भरावयाच्या बंदुकींत गोळी या थरावरूनच खालीं उतरावयाची असते. यावर युरोपीय सैन्यांनीं काढलेला जुना उपाय अगदीं ओबडधोबड होता. गोळीच सैल ठेवावयाची. ज्या बंदुकीस इंग्रज शिपाई ब्राउन बेस म्हणत, आणि जिचा ३९ इंची नळीचा एक नमुना ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेंतूनच पुढें इंग्लंडच्या सैन्यांत गेला, तिच्या नळीचा व्यास पाऊण इंच होता आणि गोळीचा सुमारें ०.६९ इंच. मधली फट काजळीसाठीं राखून ठेवलेली! त्या फटीमुळें गोळी झटकन् खालीं उतरे, पण बाहेर निघतांना नळीच्या भिंतींवर इकडून तिकडे आदळत निघे, आणि शंभर यार्डांपलीकडे नेमकी कोणास लागेल याचा नेम नसे. शिपायाच्या पट्ट्याला एक बारीक तार व एक लहानसा ब्रश लोंबत असे. छिद्र बुजलें कीं तारेनें मोकळें करावयाचें, ब्रशानें काजळी झटकावयाची, आणि पुन्हां भरावयाचें. लढाई चालू असतां सफाई व्हावयाची ती एवढीच.

नेम साधावयाचा तर नळीला आंतून पीळदार खांचा पाडाव्या लागतात, आणि गोळी त्या खांचांत घट्ट बसावी लागते. पण घट्ट गोळी मळलेल्या नळींत उतरणार कशी? इंग्रजांनीं १८०० त बेकर नांवाची अशी पीळदार बंदूक घेतली, तेव्हां गोळी आंत ठोकण्यासाठीं प्रथम शिपायांना लांकडी हातोड्या देण्यांत आल्या होत्या. शत्रु समोर असतां हातोडीनें गोळी ठोकीत बसणारा शिपाई डोळ्यांपुढें आणा, म्हणजे अशा बंदुका निवडक तुकड्यांपलीकडे कां गेल्या नाहींत तें समजेल.

हा पेंच फ्रान्सच्या मिनिये नांवाच्या कॅप्टननें १८४९ त बऱ्याच अंशीं सोडविला. त्याची गोळी लांबट, आणि बुडाशीं पोकळ होती. ती सैल असल्यामुळें सहज खालीं उतरे. पण बार होतांच वायूच्या दाबानें तिचें बूड फुगून खांचांत घट्ट बसे. याच तत्त्वावर इंग्लंडांत १८५३ त एन्फील्ड बंदूक तयार झाली. नळीचा व्यास ०.५७७ इंच, गोळीचा प्रथम ०.५६८ इंच. आतां फट राहिली ती एका इंचाच्या शंभराव्या भागाहूनहि कमी. ब्राउन बेसच्या फटीच्या मानानें ती कांहींच नव्हे. एवढ्याशा फटींत काजळीला जागा कोठें?

येथें चरबी आली. एन्फील्डचें काडतूस कागदाचें असे. एका अंगास दारू, दुसऱ्या अंगास गोळी. शिपायानें दारूकडचें टोंक दांतांनीं फाडावें, दारू नळींत ओतावी, काडतूस उलटें करून गोळीचें टोंक कागदासकट नळीच्या तोंडांत घालावें, वरचा कागद तोडून टाकावा आणि गोळी गजानें ठासावी. गोळी गुळगुळीत होती. तिच्याभोंवतीं कागदाचें वेष्टण तसेंच राही. त्या वेष्टणाला बाहेरून मेण व चरबी यांच्या मिश्रणांत बुडवून काढीत. या चरबीचें काम दुहेरी होतें. एक तर अरुंद नळींतून कागद सरकविणें. दुसरें, मागल्या बाराची काजळी मऊ ठेवणें, म्हणजे ती वाळून खडखडीत होऊं नये आणि पुढच्या गोळीबरोबर निघून जावी. जें काम आजोबा रात्रीं बादलीभर पाण्यानें करीत, त्याचा लहानसा अंश प्रत्येक बाराबरोबर उरकण्याची ही युक्ति होती. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर हें. चरबी नसती तर दहा-पांच बार होतांच ती उत्कृष्ट बंदूक भरणेंच अवघड झालें असतें.

चरबीच असावी, असा मात्र रसायनाचा आग्रह नव्हता. हें काम निव्वळ मेण-तेलानेंहि भागतें. चरबी घेतली ती स्वस्त व इंग्लंडांत वहिवाटींतली म्हणून. १८५३ त अशीं काडतुसें हिंदुस्थानच्या हवेंत कशीं टिकतात तें पाहण्यासाठीं इकडे पाठविण्यांत आलीं, तेव्हांच बंगालच्या फौजेंतील कर्नल टकर यानें लिहून ठेवलें होतें कीं, चरबी देशी शिपायांच्या धर्मास बाधक नाहीं याची खात्री झाल्याशिवाय हीं त्यांच्या हातीं देऊं नयेत. तो कागद दप्तरांतच राहिला. पुढें कलकत्त्यास फोर्ट विल्यममध्यें काडतुसें तयार होऊं लागलीं, तेव्हां चरबी कोणत्या जनावराची याची चौकशी कंत्राटदाराकडे कोणी केली नाहीं. धर्म बुडविण्याचा कट होता, हें मला पटत नाहीं. पण कट नव्हता एवढ्यानें दोष संपत नाहीं. ज्याच्या तोंडांत ती वस्तु जावयाची, त्याला विचारावें असें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं, हाच तो दोष.

डमडम, अंबाला व सियालकोट या तीन ठिकाणीं नवी बंदूक शिकविण्याच्या शाळा निघाल्या. १८५७ च्या जानेवारींत डमडमला लोट्यावरून झालेला संवाद आपण शाळेंत वाचलेला आहे, तो पुन्हां सांगत नाहीं. सरकार अगदीं स्वस्थ बसलें असेंहि नाहीं. २७ जानेवारीस हुकूम निघाला कीं काडतुसें चरबीवांचून द्यावीं, आणि शिपायांनीं बाजारांतून आणून हवें तें लावावें. पुढें दांतांऐवजीं हातानें फाडण्याचीहि मुभा मिळाली. परंतु तोंवर संशय चरबीवरून कागदावर गेला होता. कागद तुळतुळीत दिसतो, त्यांतच कांहीं असेल! २६ फेब्रुवारीस बऱ्हाणपूरशीं नांवसाधर्म्य असलेल्या बंगालमधील बऱ्हामपूर येथें १९ व्या पलटणीनें जीं काडतुसें नाकारलीं तीं जुन्या बंदुकीचीं होतीं. २४ एप्रिलला मीरतेस ९० घोडेस्वारांपैकीं ८५ जणांनीं जीं नाकारलीं तींहि नेहमींचींच होतीं. ९ मे रोजीं त्यांना सर्वांसमक्ष बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजीं मीरत पेटली.

केवळ चरबीमुळें बंड झालें असें म्हणणें पोरकटपणाचें होईल. १८४८ त सातारा, १८५४ त नागपूर व झांशी, १८५६ त अयोध्या हीं राज्यें खालसा झालीं. त्याच १८५६ त नव्या भरतीच्या शिपायांस समुद्रापलीकडे जाण्याची सक्ति झाली. हीं कारणें धड्यांत आहेतच. मला दाखवावयाचें आहे तें एवढेंच कीं, चरबीची कथा आकाशांतून पडलेली नाहीं. ती नळींतल्या मळांतून निघाली आहे.

आणि ज्या एन्फील्डवरून एवढें घडलें, ती बंडवाल्यांच्या हातीं फारशी आलीच नाहीं. ते बहुतांशीं जुन्या सैल गोळीच्या बंदुकांनीं लढले, आणि एन्फील्डच्या गोळ्या त्यांच्यावर पडल्या. तथापि काजळीनें इंग्रजांनाहि सोडलें नाहीं. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यांत एन्फील्डची गोळी नळींत अडूं लागली, आणि अखेरीस तिचा व्यास ०.५५ इंचांवर आणावा लागला. म्हणजे काजळीसाठीं पुन्हां थोडी फट सोडावी लागली.

१८६६ त इंग्रजांनीं याच एन्फील्डला मागून काडतूस भरण्याची सोय केली आणि गोळी तोंडांतून ठासण्याचें काम संपलें. १८८४ त फ्रान्समध्यें व्हिएय यानें धूर न करणारी दारू शोधली. तेव्हांपासून काळी दारू लष्करी बंदुकांतून हळूहळू निघून गेली. पाणी मात्र लगेच गेलें नाहीं. नव्या काडतुसांच्या टोपीच्या मसाल्यांतहि तोच क्लोरेट होता. म्हणून दोन्ही महायुद्धांत ली-एन्फील्ड बाळगणारे शिपाई गोळीबार संपला कीं नळींत नरसाळें लावून उकळतें पाणी ओतीत, आणि तेलाची चिंधी नंतर फिरवीत.

त्या मुलाला हें सांगावयाचें राहिलें तें राहिलेंच. तो शाळा सोडून मुंबईस गेला, एवढें कळलें. आजोबांची बंदूक आतां माझ्या मामेभावाच्या परवान्यावर आहे. निवडणुका आल्या कीं ती पोलीस ठाण्यांत जमा होते आणि मागाहून परत येते. गेल्या खेपेस ती परत आली तेव्हां मी तेथेंच होतों. मीं गजाला पांढरी चिंधी गुंडाळून नळींत फिरविली. ती तांबूस निघाली. भाऊ तेलाची बाटली शोधूं लागला. मीं त्याला आधीं चुलीवर पाणी ठेवावयास सांगितलें.